मागचं चाक

“मागचं चाक,” आगाशेदादा म्हणाले.

मी गाडी बंद केली, हेल्मेटची काच वर सरकवली आणि उतरून बघितलं. कोरड्या नदीचं पात्र होतं. वरून मऊ वाळू आणि वाळूखाली लपलेले काळे दगड. त्यातल्या एका दगडानं त्यांच्या मागच्या चाकाची रिम आत दाबून टाकली होती, पातेल्यावर हातोडा हाणावा तशी. एका बाजूचे स्पोक तुटून बाहेर आले होते आणि टायर रिमवरून निसटायला बघत होता. गाडी आडवी. दादा तिच्या शेजारी मांडी घालून, हातमोजे काढून बसलेले. लागलं नव्हतं त्यांना. नुसते बसले होते आणि माझ्याकडे बघत होते.

आता काय करायचं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

कच्छमधली सहा दिवसांची मोटारसायकल रॅली होती ती. रोज सकाळी तळावरून निघायचं, वेड्या बाभळींतून, नदीपात्रांतून, खारट माळावरून दोन-अडीचशे किलोमीटर गाडी हाणायची आणि संध्याकाळी पुढच्या तळावर पोचायचं. सहा दिवसांचा वेळ एकत्र करायचा. ज्याचा सगळ्यात कमी, तो जिंकला. रस्ता असा नसतोच. हँडलवर कागदाची एक गुंडाळी लावलेली असते. तिच्यावर खुणा काढलेल्या असतात, इथं वळ, इथं चर आहे, इथं तारेचं कुंपण. त्या वाचत, पायावर उभं राहून, शंभरच्या पुढं गाडी पळवायची.

प्रसन्न आगाशे आमच्या टीमचे पहिले रायडर. पुण्याचे. चाळिशीला आलेले, पण अंगावर चरबीचा थेंब नाही. देशातल्या सगळ्या मोठ्या रॅल्या त्यांनी एकदा तरी जिंकलेल्या. मी दुसरी रायडर. दुसऱ्या रायडरचं काम सोपं असतं. पहिल्याच्या मागं फार लांब राहायचं नाही, आणि त्याच्या गाडीचं काही मोडलं तर आपल्या गाडीचं काढून द्यायचं. दोन्ही गाड्या अगदी सारख्या असतात, त्या ह्याचसाठी. नियमात बसतं ते. सगळ्याच टीम करतात.

आमचे मॅनेजर लोबो सर, मडगावचे. मला टीममध्ये घेताना त्यांनी आडपडदा ठेवला नव्हता. “उल्का, तू गाडी चांगली मारतेस, म्हणून घेतोय. पण एक लक्षात ठेव. तुझी गाडी म्हणजे आगाशेची दुसरी गाडी. ती त्याच्या मागून चालवत आणायची, हे तुझं काम. चालेल?”

“चालेल की,” मी म्हटलं होतं. चोवीस वर्षांची होते. कंपनीची गाडी, कंपनीचा मेकॅनिक, पाठीवर आपलं नाव छापलेलं जॅकेट. त्या वेळी मला टीमच्या गाड्या धुवायला ठेवलं असतं तरी चाललं असतं.

मी वडणग्याची. कोल्हापूरला लागून आहे आमचं गाव. घरी म्हशी. दहावीनंतर सकाळचं दूध शहरात घालायचं काम माझ्याकडं आलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या आणि उसातून जाणारी पाणंद. पावसाळ्यात त्या पाणंदीत माणूस धड चालत नाही, तिथं मी दूध न सांडता गाडी काढायची. दूध सांडलं की अण्णा दिवसभर बोलायचे नाहीत. ते मला शिव्यांपेक्षा वाईट वाटायचं. पुढं शहरात मातीच्या ट्रॅकवरची एक शर्यत लागली. मामेभावाची गाडी घेऊन मी उतरले आणि किटल्या नसल्यामुळं गाडी इतकी हलकी वाटली की सगळ्यांच्या पुढं गेले. तिथून सुरू झालं ते कच्छपर्यंत येऊन पोचलं होतं.

त्या वर्षी कंपनीनं जाहीर केलं होतं की ह्या रॅलीत आपल्या टीममधला जो कुणी पहिला येईल, त्याला आफ्रिकेतल्या मोठ्या रॅलीला पाठवणार. ‘जो कुणी’ म्हटलं होतं खरं, पण म्हणजे आगाशेदादा, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. तीन दिवस झाले तेव्हा ते पहिले होते. त्यांच्या मागं कूर्गचा मंदण्णा, दुसऱ्या टीमचा, थोडक्याच अंतरावर. आणि तिसरी मी. दुसऱ्या रायडरनं तिसरं असणं हे कुणाच्या हिशेबात नव्हतं. लोबो सरांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, “बरं आहे, जवळ आहेस. काही झालं तर वेळेत पोचशील.”

चौथ्या दिवशी ते ‘काही’ झालं.

“काढू?” मी विचारलं.

“तू ठरव,” दादा म्हणाले.

मला जरा रागच आला. सरळ ‘काढ’ म्हणाले असते तर बरं झालं असतं. “ठरवायचं काय त्यात? ठरलेलंच आहे.”

“तरी. तू तिसरी आहेस.”

“आहे. माहितीय मला.”

मी पिशवीतून पाना काढला. त्यांनी आपलं जॅकेट वाळूवर पसरलं. नट, बोल्ट, ॲक्सल, सगळं त्याच्यावर ठेवायचं, नाहीतर वाळू आत जाते आणि मग चाक बसत नाही. ते गाडी तोलून धरायचे, मी सोडवायची. मग मी धरायची, ते बसवायचे. दोघांचे हात ह्या कामात मुरलेले. मध्येच वरच्या काठावर मंदण्णा दिसला. त्यानं वेग कमी केला, अंगठा वर करून ‘ठीक आहात ना?’ असं विचारलं. दादांनी हात हलवला. तो पात्रात सावकाश उतरला, पलीकडच्या काठावर चढला आणि गेला. दादा त्याच्या धुळीकडं बघत राहिले.

“फार तर दहा मिनिटं पुढं जाईल तो,” मी म्हटलं. “गाठाल.”

माझं चाक त्यांच्या गाडीत बसलं. साखळी ताणून बघितली, ब्रेक दाबून बघितला. ते गाडीवर बसले, हातमोजे चढवले. निघता निघता थांबले.

“पाणी आहे ना तुझ्याकडे?”

“आहे.”

“मी तळावर सांगतो. मागून ट्रक येईल तुला घ्यायला.”

“ट्रक कशाला? मी येतो की.”

आमच्या कोल्हापुरात बायकाही ‘मी येतो, मी जातो’ असंच म्हणतात. दादांना त्याची नेहमी गंमत वाटायची, माझी नक्कल करायचे. त्या दिवशी मात्र हसले नाहीत. त्यांनी वाळूत पडलेल्या आपल्या मोडक्या चाकाकडं बघितलं.

“यावर?”

“बघतो.”

“उल्का, वेडेपणा करू नकोस. दीडशे किलोमीटर राहिलेत.”

“तुम्ही निघा, दादा. मंदण्णा लांब गेला.”

ते निघाले. काठावर चढले, बाभळींच्या आड गेले. गाडीचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही बंद झाला.

ट्रकमध्ये बसलं की रायडर रॅलीतून बाद. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. सूर्य मावळायच्या आत शेवटच्या खुणेवर स्वतःच्या गाडीवर पोचायचं, तरच नाव राहतं. वेळ कितीही लागो.

मी मोडकं चाक मांडीवर घेऊन बसले. दगड घेऊन रिमचा आत गेलेला भाग बाहेर काढायचा प्रयत्न केला. थोडा आला, सगळा नाही. उरलेले स्पोक पान्यानं ताणले. आमच्या टायरांत हवा नसते, फोमची जाड वळी असते, म्हणून पंक्चरची भीती नाही. पण टायर रिमवर धरून ठेवणारी कड एका बाजूला गेलीच होती. गाडी पळायला लागली की तो निसटणार. तो बांधायला हवा होता. माझ्याकडं प्लॅस्टिकच्या चारच पट्ट्या होत्या.

मी अशी चाकाशी झटत असताना मागून घंटा वाजल्या. शेळ्या. आणि शेळ्यांमागं एक बाई, काळ्या ओढणीतली, हातात काठी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. तिकडच्या धनगरांतली, रबारी असावी. ती येऊन थेट माझ्यासमोर उकिडवी बसली आणि बोलायलाच लागली. गुजराती की कच्छी, मला काही उमजेना. मी हिंदीत सांगितलं, चाक मोडलंय. तिनं चाकाकडं बघितलंच नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी हेल्मेट काढलं होतं, वेणी पाठीवर पडली होती.

“छोकरी?” तिनं विचारलं.

“हो, छोकरी.”

ती इतकी हसली की शेळ्या दचकल्या. मग तिनं पलीकडच्या काठाकडं बोट दाखवून विचारलं. तो गेला तो कोण? नवरा?

“नाही, नाही!”

भाऊ?

“भाऊ पण नाही.”

मग तुला इथं टाकून का गेला, असं तिनं खुणेनं विचारलं. मी म्हटलं, त्याला मीच पाठवलंय. तिला ते पटलेलं दिसलं नाही. तिनं कमरेच्या पितळी भांड्यातून मला ताक दिलं. गरम, खारट ताक. मी ते एका दमात प्याले. भांडं परत देताना तिच्या काठीला गुंडाळलेला दोर दिसला. लोकरीचा, घट्ट विणलेला, बोटभर जाड. मी त्याच्याकडं बोट केलं. तिनं दोर सोडून माझ्या अंगावर टाकला, जणू मी तो मागायला फारच वेळ लावला होता.

टायर आणि रिम दोन्हींना वेढे देत मी दोर बांधला, स्पोकांमधून ओवत, प्रत्येक वेढ्याला गाठ. बाईनं एक टोक दोन्ही हातांनी ओढून धरलं. दोर अपुरा पडला तिथं माझ्या पट्ट्या लावल्या. आणि हे करता करता, हात आपले आपले चालत असताना, मला एक गोष्ट सुचली आणि मी मध्येच थांबले.

रॅलीत सगळ्यांना एकदम सोडत नाहीत. आदल्या दिवशी जो पहिला, तो सकाळी पहिला सुटतो. मग काही मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. दादा पहिले सुटले होते. त्यांच्यामागं मंदण्णा. त्याच्यामागं मी. मंदण्णाला मी वाटेतच मागं टाकलं होतं. त्यात मला फार काही वाटलं नव्हतं, त्याला रस्ता सापडत नसेल म्हटलं. पण मी नदीच्या काठावर आले तेव्हा दादांच्या पडण्याची धूळ अजून हवेत होती. गाडीचं मागचं चाक अजून हळूहळू फिरत होतं. म्हणजे ते नुकतेच, माझ्या डोळ्यांसमोर म्हणावं इतक्यात पडले होते. म्हणजे सुटताना आमच्यात जी मिनिटं होती ती सगळी मी अर्ध्याहून कमी वाटेत खाल्ली होती. दादा धीम्यानं चालले नव्हते. मंदण्णा त्यांच्या मानेवर बसलेला असताना ते धीम्यानं जाणं शक्यच नव्हतं. ते त्यांच्या पूर्ण वेगानं चालले होते. आणि मी त्यांना गाठलं होतं. दिवस तसाच संपला असता तर संध्याकाळी त्या दिवसाच्या निकालाच्या फळ्यावर पहिलं नाव माझं असतं.

मी सकाळपासून ह्याचा विचारच केला नव्हता. मला फक्त फार मागं राहायचं नव्हतं.

बाई माझ्याकडं बघत होती. मी एकटीच हसत होते. तिलाही हसू आलं. तिनं दोराला एक जोराचा झटका दिला, म्हणजे काम कर.

चाक बसवलं. गाडी चालू केली. निघताना मी तिला पैसे द्यायला लागले तर तिनं काठी उगारली.

त्या दीडशे किलोमीटरबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. धाड, धाड, धाड. रिमचा दबलेला भाग खाली आला की पाठीच्या कण्यातून एक दणका वर यायचा, डोक्यापर्यंत. वाळू असेल तिथं बरं चालायचं. खडक आला की उतरून, गाडीशेजारून पळत, क्लच अर्धा दाबून ढकलत न्यायची. अधूनमधून थांबून दोर बघायचा. जमिनीला घासून एखादा वेढा झिजला की त्याच्या दोन गाठी सोडून पुन्हा बांधायचा. बसायचं मात्र नाही. बसले तर सगळं वजन मागच्या चाकावर. म्हणून सगळा वेळ उभी, पोट टाकीवर, भार पुढं. किटल्या घेऊन उतारावरून जाताना आपण जसं अंग चोरतो, तसं. मागून निघालेले बाकीचे रायडर एकेक करून माझ्या पुढं गेले. काही थांबले, चौकशी केली. मी हात हलवून सगळ्यांना घालवलं.

शेवटच्या खुणेवर पोचले तेव्हा सूर्य बाभळींच्या शेंड्यांना टेकला होता आणि तिथला माणूस झेंडा गुंडाळत होता. त्यानं माझ्या चाकाकडं बघितलं, मग घड्याळाकडं, मग झेंडा पुन्हा उलगडला.

तळावर आमचा मेकॅनिक मुजावरमामा धावत आला. मिरजेचा. त्यानं मला उतरवायच्या आधी गाडीखाली डोकं घातलं. “आयला उल्का! हे काय शेळी बांधून आणलीस काय चाकाला?”

“शेळीचा दोर आहे, मामा. जपून सोडा.”

लोबो सर आले. “तू बाद नाहीस?” त्यांनी विचारलं. खूश व्हावं की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं. ट्रक त्यांनी पाठवला होता, तो मला शोधत अजून कुठंतरी फिरत होता. दादांनी मंदण्णाला शेवटी गाठून मागं टाकलं होतं. ते पहिलेच राहिले होते. मी तिसऱ्या नंबरवरून एकदम शेवटच्यावर गेले होते. सर म्हणाले, “शाब्बास. टीमसाठी मोठं काम केलंस.”

दादा त्यांच्या तंबूबाहेर उभे होते. ते चालत माझ्या गाडीपाशी आले, वाकून दोरावरून बोट फिरवलं, एक गाठ ओढून बघितली. माझ्याकडं बघून मान हलवली आणि परत गेले. एवढंच.

पाचव्या दिवशी, मामानं बसवलेल्या नव्या चाकावर, मी सगळ्यांत शेवटी सुटले. शेवटी सुटण्यात एक फायदा असतो, पुढं माणसंच माणसं असतात. दिवसभर दुसऱ्यांची धूळ खाल्ली आणि एकेकाला मागं टाकत गेले. संध्याकाळी त्या दिवसाचा निकाल फळ्यावर लागला. एकूण हिशेबात मी कुठंच नव्हते, पण त्या एका दिवसाचा तिसरा वेळ माझा होता. पहिला दादांचा. त्यांच्यापुढं मोकळी हवा होती, माझ्यापुढं पंचवीस गाड्यांचा धुरळा. मी त्या फळ्यासमोर बराच वेळ उभी राहिले.

सहाव्या दिवशी छोटी दौड. पांढऱ्या रणावर, मिठाच्या सपाटीवर. आणि त्या दिवशी एकेकाला सोडत नाहीत. सगळे एका ओळीत, एका झेंड्यावर. सकाळी ऊन चढायच्या आत लोबो सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. मुजावरमामा गाडीला पेट्रोल भरत होता.

“आगाशे, तुला फक्त पोचायचंय,” सर म्हणाले. “मंदण्णा तुझ्यापेक्षा चार मिनिटं मागं आहे, एवढ्याशा अंतरात तो ती भरून काढू शकत नाही. घाई करू नको. उल्का, तू आगाशेच्या मागं. त्याच्या नजरेआड व्हायचं नाही. काही झालं तर...”

“आज नाही, सर,” मी म्हटलं.

“काय नाही?”

“आज मी मागं राहणार नाही. दादांना काही होणार नाही, अंतर थोडं आहे. झालंच तर चार मिनिटं आहेत त्यांच्याकडं. मी आज माझी गाडी मारणार.”

लोबो सर रागावले की हळू बोलतात. “ही टीम आहे, उल्का. तू आल्या दिवशी मी काय सांगितलं होतं?”

“ते सगळं मी केलं. चाक मागितलं नाही तरी दिलं. तुम्ही पाठवलेल्या ट्रकात बसले नाही, गाडी परत आणून दिली. आणखी एक सांगतो. पुढच्या वर्षी मी दुसरी म्हणून येणार नाही. पहिली म्हणून ठेवत असाल तर येतो. नसाल तर दुसरीकडं जातो.”

रागात माझ्या तोंडून ‘सांगतो, येतो, जातो’ निघत होतं, पण त्या दिवशी कुणी नक्कल केली नाही. मुजावरमामानं पेट्रोलचा डबा खाली ठेवला.

“पहिला रायडर आगाशे आहे,” सर म्हणाले.

“म्हणून तर त्यांच्यासमोर बोलतोय. पाठीमागं बोलले असते तर वाईट दिसलं असतं.”

सरांनी दादांकडं बघितलं. दादा बुटाचा पट्टा आवळत होते, त्यांनी वर बघितलंच नाही. “जाऊ दे तिला, लोबो,” ते म्हणाले. “मी येतो मागून.”

ओळीत मी अगदी कडेला उभी राहिले. समोर पांढरं मीठ, क्षितिजापर्यंत. झेंडा पडला आणि सगळे सरळ रेषेत सुटले, कारण सरळ रेषा जवळची. पण मिठाला सगळीकडं एकच रंग नव्हता. दूरवर, मधोमध, एक करडा पट्टा होता. वरून कोरडा, आतून ओला. चिखल कुठं आहे ते मला दाखवावं लागत नाही. पाणंदीत तेच तर वाचत मोठी झाले. मी बाहेरून लांबचा फेरा घेतला. अर्ध्या मिनिटानं उजवीकडं बघितलं तर पुढच्या गाड्या एकेक करून रुतत होत्या. मिठाचा पापुद्रा फुटून काळा चिखल उडत होता. मंदण्णा त्यातून निघाला, चांगला रायडर तो, पण त्याला वेग तोडावा लागला. दादा माझ्याच वाटेनं बाहेरून येत होते. मागं.

आणि मग समोर कुणीच नव्हतं. इतकं मोकळं मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. गाडी आणि मी आणि ते पांढरं. मी उभी राहिले, कोपरं बाहेर काढली आणि गाडीची मूठ पूर्ण पिळली. भीती वाटली नाही. उलट असं वाटलं की हे तर मला कधीपासून येतं.

मी पहिली पोचले. मिनिटाभरानं दादा. मग बाकीचे. रॅली दादांनीच जिंकली. त्या वर्षी आफ्रिकेला तेच गेले आणि तिथून हाताचं हाड मोडून परत आले. त्याच्या पुढच्या वर्षी मी गेले, आणि त्यानंतर सात वर्षं जात राहिले. लोबो सर पहिले काही आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एके दिवशी फोन करून त्यांनी विचारलं की मला गाडीचं हँडल किती उंच लागतं. पहिल्या रायडरच्या मापानंच दोन्ही गाड्या बांधतात, हे मला माहीत होतं. मी माप सांगितलं.

पण हे सगळं नंतर. त्या सकाळी मिठावर लोक हार घेऊन दादांकडं धावले. फोटो झाले. ते गर्दीतून सुटून माझ्याकडं आले तेव्हा मी गाडीच्या सावलीत बसून बूट काढत होते. ते शेजारी बसले. गळ्यातला झेंडूचा हार काढून टाकीवर ठेवला.

“एक सांगायचंय,” ते म्हणाले. “त्या नदीपात्रात मी नेहमी सावकाश उतरतो. तीन वेळा उतरलोय त्या आधी. दगड आहेत, माहीत आहे मला.”

“मग?”

“वरच्या वळणावर मागं बघितलं. धूळ दिसली. वाटलं, मंदण्णा आला. मग नीट बघितलं तर तुझं हेल्मेट.” त्यांनी टाकीवरच्या हारातलं एक फूल खुडलं. “मंदण्णा असता तर मी सावकाशच उतरलो असतो. त्याला पुढं जाऊ दिलं असतं, दुपारनंतर गाठलं असतं. तू दिसलीस आणि मी गाडी तशीच घातली.”

बूट हातातच राहिला.

“माझ्या मागून येणाऱ्या मुलीनं मला गाठलं, हे मला सोसलं नाही. आणि मग त्याच मुलीनं समोर बसून मला स्वतःचं चाक काढून दिलं. तुझ्या जागी मी असतो, तर दिलं नसतं. खरंच सांगतोय. विसाव्या वर्षीही नसतं दिलं आणि आत्ताही नाही.”

“मग ‘तू ठरव’ का म्हणालात?”

“वाटलं, नाही म्हणशील. नाही म्हणालीस तर बरं, असंही वाटत होतं.”

लांब कुणीतरी त्यांना हाका मारत होतं. ते उठले नाहीत.

“लोबो तुला पहिली करेल,” ते म्हणाले. “आज नाही केलं तर महिन्याभरात. त्याला गाडी जिंकलेली लागते, बाकी तो कुणाचाच नाही. माझी दोन-तीन वर्षं उरलीत. मी दुसरा म्हणून आलो तर तुझी हरकत आहे?”

“तुम्ही? माझ्या मागून?”

“आत्ता नाही का आलो?”

मला हसू आलं. मग मी मनातलं विचारून टाकलं. “दादा, आणि माझं चाक मोडलं तर? द्याल?”

ते लगेच हो म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला नसता. त्यांनी मिठाकडं बघत खरोखर विचार केला.

“देईन,” ते शेवटी म्हणाले. “पण शिव्या घालत देईन.”

“मग काय,” मी म्हटलं. “मीही घातल्याच होत्या. तुम्ही बाभळींच्या आड गेल्यावर.”